गाणारी गोष्ट: बोलपटापासून झाडीपट्टीच्या मांडवापर्यंत

ज्या चित्रपटातली गाणी काढून टाकली तर गोष्टच उभी राहत नाही, तो संगीतपट. त्यातली पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात आणि प्रेक्षकाला त्यात काहीच वावगे वाटत नाही. भारतात पडदा बोलू लागला त्याला नव्वदहून अधिक वर्षे झाली. या काळात कॅमेरे बदलले, चित्रपटगृहे बदलली, पडदा तळहातावरच्या मोबाइलएवढा झाला. पण गाणाऱ्या गोष्टीची ओढ ओसरली नाही. मराठीत ही ओढ चित्रपटाहून जुनी आहे. तिचे मूळ संगीत नाटकात आहे. शहरांत बोलपट आला आणि त्याने संगीत नाटकाची जागा घेतली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र उलटे घडले. तिथल्या नाटकाने सिनेमाच्या चाली, सिनेमाची लावणी, पुढे सिनेमातले नटसुद्धा आपल्या मांडवात आणले आणि रात्रभर गाणारे नाटक आजतागायत चालू ठेवले. म्हणून संगीतपट माणसाला का धरून ठेवतो हे समजून घ्यायचे, तर पडद्याचा इतिहास आणि झाडीपट्टीचा मांडव शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात.

आधी सूत्रधार गायचा, मग पात्रे गाऊ लागली

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. त्यात गाणे भरपूर होते, पण गाण्याचे काम सूत्रधाराकडे होते. तो पद्यातून प्रसंग सांगायचा आणि पात्रे त्याप्रमाणे हालचाली करून आपापली भाषणे करायची. गाणारा एक आणि सोसणारा दुसरा, अशी ती विभागणी होती.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि ही विभागणी मोडली. शकुंतलेचे दुःख आता शकुंतलाच गाऊ लागली. साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तनातली पदे अशा लोकांच्या कानांत आधीच बसलेल्या चाली किर्लोस्करांनी घेतल्या, त्यामुळे नवा प्रकार पहिल्याच रात्री परका वाटला नाही. जगभरच्या संगीतपटाचा पायाही हाच आहे. ज्याच्यावर प्रसंग गुदरला, त्यानेच गायचे आणि ऐकणाऱ्याला ओळखीच्या वाटतील अशा सुरांत गायचे.

पुढच्या चाळीस वर्षांत या नाट्यसंगीताला रागदारीची जोड मिळाली. 'मानापमान' (१९११) या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि 'स्वयंवर' (१९१६) या नाटकाच्या भास्करबुवा बखल्यांच्या. बालगंधर्वांचे एक पद संपले की 'वन्स मोअर' उठे आणि तेच पद पुन्हा रंगे. प्रयोग पहाटेपर्यंत लांबत आणि प्रेक्षक तक्रार करत नसत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा या रंगभूमीचा कळस झाला.

पडदा बोलू लागला, तो गातच

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' लागला. भारताचा हा पहिला बोलपट, आणि त्यात सात गाणी होती. पुढच्याच वर्षी आलेल्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास गाणी होती. पडद्याला वाचा फुटली तीच मुळी गाण्याने, कारण प्रेक्षक ज्या रंगभूमीवरून पडद्याकडे आला होता तिथे गाण्याशिवाय नाटक ही कल्पनाच त्याने केली नव्हती.

मराठीत प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे, आणि हरिश्चंद्राची भूमिका व संगीत ही दोन्ही कामे गोविंदराव टेंब्यांची. 'मानापमाना'च्या चाली बांधणारा हात तोच, तो आता मायक्रोफोनसमोर आला होता. त्या काळी गाणे चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत असे. नट गायचा आणि वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दडून साथ करायचे. त्यामुळे नायक होण्यासाठी गळा ही पहिली अट होती.

१९३६ च्या 'संत तुकाराम'ने संगीतपट कुठवर जाऊ शकतो हे दाखवले. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, केशवराव भोळे यांचे संगीत आणि विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम. या चित्रपटातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. तुकाराम गातो तेव्हा चाल साधी, बसकी, टाळाच्या ठेक्याला धरून चालते. त्याचे अभंग चोरणारा सालोमालो तीच रचना आपली म्हणून गातो, तेव्हा त्यात ताना येतात, मुरके येतात, समोरच्याकडून दाद उकळण्याची धडपड येते. संवादात एक शब्द न घालता दिग्दर्शकांनी दोन माणसांतला फरक गाण्याच्या ढंगातून दाखवला. जाता जाता नाटकी गायकी आणि पडद्याची गायकी यांतला फरकही तिथे कायमचा नोंदला गेला. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी नव्याने लिहिलेला एक अभंग इतका बेमालूम उतरला की अनेकांना तो खुद्द तुकोबांचाच वाटतो. चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला.

बोलपटाच्या या यशाची किंमत शहरी संगीत नाटकाने मोजली. नाटक कंपनीला नट, साजिंदे, आचारी, सामानसुमान असा मोठा बाडबिस्तरा घेऊन गावोगाव फिरावे लागे. चित्रपटाच्या डब्यातली रिळे तेवढी पाठवली की तोच खेळ एका संध्याकाळी अनेक गावांत लागे, आणि तिकीटही स्वस्त. १९३० च्या दशकात मोठ्या कंपन्या एकामागून एक थंडावल्या. बालगंधर्व स्वतः प्रभातच्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटात संत एकनाथ म्हणून उभे राहिले, पण पडद्यावर त्यांचे मन रमले नाही.

गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

१९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' या चित्रपटात पार्श्वगायनाचा वापर केला. गाणे आधी शांतपणे मुद्रित करायचे, मग ते वाजवून नटाने ओठ हलवायचे. या एका सोयीने भारतीय चित्रपटाचे अर्थकारण आणि कला दोन्ही बदलले. गळा नसलेला नट नायक होऊ शकला आणि चेहऱ्याची पर्वा न करता गायक घडू लागले. १९४२ मध्ये लता मंगेशकर मराठी चित्रपटातून या क्षेत्रात आल्या. पुढची कित्येक दशके नायिका बदलत गेल्या तरी त्यांचा आवाज एकच राहिला.

भाव्यांच्या सूत्रधारासारखीच ही विभागणी होती. गाणारा एक, सोसणारा दुसरा. फरक इतकाच की आता शिवण दिसत नव्हती.

गाणे वेगळे मुद्रित झाल्यामुळे ते चित्रपटगृहाबाहेरही पडले. तबकडी, लाउडस्पीकर, लग्नातला बँड आणि रेडिओ यांतून ते घरोघर गेले. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली, रेडिओ सिलोनवरची 'बिनाका गीतमाला' १९५२ मध्ये, विविध भारती १९५७ मध्ये. ज्या गावात चित्रपटगृह नव्हते, तिथेही चित्रपटाची गाणी पाठ होती. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या दूरच्या वस्त्यांपर्यंत सिनेमा असा आधी कानांवाटे पोहोचला.

ढोलकीपासून सिंफनीपर्यंत

स्वातंत्र्यानंतर मराठी संगीतपटाने नाट्यसंगीतापेक्षा तमाशाचा फड जवळ केला. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'ने ही वाट उघडली. १९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. संगीत वसंत पवारांचे. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो सव्वाशेहून अधिक आठवडे, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे चालला. १९७२ मध्ये शांतारामांनी 'पिंजरा' केला. १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटाची कथा त्यांनी तमाशाच्या फडात आणली, आणि राम कदमांचे संगीत व जगदीश खेबुडकरांची गीते यांमुळे ती पुरती मराठी झाली. त्याआधी १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ने वगनाट्याचा सोंगाड्या पडद्यावर आणला होता.

जंगल आणि डोंगर यांच्या जवळचा संगीतपट म्हणजे जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७). गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट ठाकर समाजाची गोष्ट सांगतो. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, ना. धों. महानोरांची गीते. डझनाहून अधिक गाण्यांतून कथा पुढे सरकते, आणि गाणी काढली तर काहीच उरत नाही. संगीतपटाच्या व्याख्येला इतका काटेकोर उतरणारा मराठी चित्रपट दुसरा क्वचितच.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मराठी पडद्यावर विनोदी चित्रपटांचा जोर होता आणि गाणे बाजूला सरकले. २०१० च्या 'नटरंग'ने अजय-अतुलच्या ढोलकीवर ते परत आणले. २०११ मध्ये 'बालगंधर्व' आला. २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आला आणि ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी पडद्यासमोर हरलेले नाट्यसंगीत पडद्यावरूनच नव्या पिढीपर्यंत गेले. या गोष्टीत विदर्भाचा वाटा मोठा आहे. 'कट्यार' हे मूळ नाटक (१९६७) लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यातली खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. त्याच वसंतरावांच्या आयुष्यावर २०२२ मध्ये 'मी वसंतराव' हा संगीतपट आला आणि त्यातल्या गायनासाठी त्यांचे नातू राहुल देशपांडे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ च्या 'सैराट'मध्ये ग्रामीण मराठी बोलीला हॉलिवूडच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाची साथ होती. चित्रपटगृहांत प्रेक्षक जागा सोडून नाचले आणि काही गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले.

अमेरिकेत याच काळात संगीतपटाने वेगळे चढउतार पाहिले. 'द जॅझ सिंगर' (१९२७) पासून 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) पर्यंत त्याचा सुकाळ होता. साठच्या दशकाअखेर काही अतिखर्चिक संगीतपट कोसळले आणि हा प्रकार मागे पडला. २००२ च्या 'शिकागो'ने आणि २०१६ च्या 'ला ला लँड'ने तो पुन्हा वर आणला. भारतात असा खंड पडला नाही, कारण इथे संगीतपट हा वेगळा कप्पा नव्हताच. जवळजवळ प्रत्येक चित्रपट गात होता.

धान निघाले की नाटक

वैनगंगेच्या खोऱ्यातल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे दाट जंगल. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला; त्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आजही जंगलाखाली आहे. इथली बोली झाडीबोली, मुख्य पीक धान, आणि इथल्या नाटकाचे वेळापत्रक धानाच्या पिकाने ठरवलेले.

दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते. कापणी-मळणी झाली की तीन गोष्टी एकदम मोकळ्या होतात: माणसे, हातातला पैसा आणि बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. अनेक गावांत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात. सोयरेधायरे येतात, मुलामुलींच्या सोयरिकी जुळतात, आणि या सगळ्या पाहुण्यांना रात्री काय द्यायचे, याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे एकच आहे: नाटक. हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो.

या नाटकाची मुळे इथल्याच मातीत आहेत. दिवाळीनंतर गावकरीच उभी करत ती दंडार, उभ्याने सादर होणारी खडी गंमत, गोंधळ, कीर्तन हे सारे गाण्यावर चालणारे प्रकार. दक्षिणेकडच्या गोंड-माडिया वस्त्यांत रेला नाच आहे, ज्यात गाणे आणि पाऊल वेगळे काढताच येत नाही. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचे गारूडही याच मुलखावर होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध जो उठाव झाला, त्यामागे त्या भजनांची प्रेरणा मोठी होती. गंभीर गोष्ट गाऊनच सांगायची असते, हे या भागाला कुणी शिकवावे लागले नाही. संगीत नाटक इथे पोहोचले, तेव्हा त्याला तयार जमीन मिळाली.

सुरुवातीला गावचेच हौशी कलाकार नाटक बसवत आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत. नंतर व्यावसायिक मंडळे उभी राहिली आणि स्त्री कलावंत आल्या. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे व्यंकटेश नाट्य मंडळ हे या परंपरेतले मोठे नाव. लेखक-दिग्दर्शक सदानंद बोरकर त्याच मंडळाचे. धंद्याची पेठ मात्र गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजेच देसाईगंज. गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावरच्या या गावात मंडळांची कार्यालये रांगेने आहेत. हंगामाआधी गावोगावची आयोजक मंडळी तिथे येतात, कोणते नाटक, कोणते नट, गायक कोण, लावणी कोण करणार याची चौकशी करतात आणि तारीख पक्की करतात. कलावंताचा हिशेब 'नाइट'वर असतो. एका नाइटचे इतके. आज या मंडळात, उद्या त्या मंडळात असे नट फिरतात, म्हणून विंगेत बसलेला प्रॉम्प्टर हा प्रयोगाचा कणा असतो.

रात्री दोनचे गाणे

मांडव बहुधा रिकाम्या बांधीतच उभा राहतो. चारी बाजूंनी कनाती, वर कापड, एका टोकाला मंच, रंगवलेले पडदे. पुढे खाली बसणारे, मागे खुर्च्या. मंचाच्या पायथ्याशी साथीदार: कीबोर्ड, ज्याला इथे अजूनही ऑर्गनच म्हणतात, तबला, ढोलक आणि अलीकडे ऑक्टोपॅड. नाटक रात्री दहा-अकराला सुरू होते आणि पहाटे संपते. डिसेंबरच्या थंडीत घोंगड्या, चादरी लपेटून, लहान मुले मांडीवर निजवून सगळे घर तिथे असते.

रात्रीचे दोन वाजत आलेले असतात. मंचावर पोराने घराबाहेर काढलेली आई उभी असते. तिचे शेवटचे वाक्य हळूहळू मंदावते, एकेक शब्द लांबतो, अखेरचा शब्द बोलण्याचा उरत नाही आणि गाण्याचाही अजून झालेला नसतो. ऑर्गनवाल्याची नजर तिच्या ओठांवर असते. तो शब्द जिथे टेकणार तो सूर तो आधीच दाबून धरतो, ती त्यावर अलगद उतरते, आणि ढोलक दोन मात्रा थांबून ठेका धरतो. पेंगणारा मांडव सावरून बसतो. खुर्च्यांमागे चहाच्या ठेल्यावर उभी असलेली माणसे कप हातात घेऊन कनातीच्या कडेला येतात. गाणे संपते तेव्हा कुठूनतरी 'वन्स मोअर' येतो आणि ती पुन्हा धृपदावर येते. बोलण्यातून गाण्यात शिरण्याचा हा क्षण संगीतपटाचा सगळ्यात अवघड क्षण. पडद्यावर तो संकलकाच्या टेबलावर घडतो. इथे तो रोज रात्री एका नटीच्या श्वासावर आणि एका वादकाच्या बोटांवर घडतो.

चाली कुठल्या? काही नाट्यपदांच्या वळणाच्या, काही भजन-गवळणीच्या, आणि पुष्कळशा सिनेमाच्या. गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर नाटकातल्या प्रसंगाचे नवे शब्द बसवणे ही इथली जुनी रीत. रेडिओवरून आलेली चाल प्रेक्षकाला पाठ असते, शब्द मात्र त्याच्या गावच्या दुःखाचे असतात. १८८० मध्ये किर्लोस्करांनी लावणी-कीर्तनाच्या चालींचे जे केले, तेच झाडीपट्टीने सिनेमाच्या चालींचे केले. विषयही जवळचे: हुंडा, दारू, विधवेचे जगणे, शेतकऱ्याची आत्महत्या, नक्षलवादाच्या छायेतले गाव.

सिनेमाचा हात सगळीकडे दिसतो. नाटकांची नावे चित्रपटासारखी असतात, जाहिरातीत प्रमुख नटांचे चेहरे तसेच मांडलेले असतात, मुंबई-पुण्याचे चित्रपट आणि मालिकांमधले कलावंत हंगामात इथे येऊन नाइट करतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना लोक 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणून ओळखतात. पाच हजारांहून अधिक प्रयोगांत सुमारे आठशे भूमिका असा त्यांच्या कामाचा आवाका सांगितला जातो, आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गावच्या नटाला लोकांनी दिलेली पदवी पडद्यावरून आली, पण तो नट आयुष्यभर मांडवातच राहिला.

या देवघेवीचा त्रासही आहे. कथेशी संबंध नसलेली लावणी किंवा उडत्या चालीचा नाच मध्येच घुसवण्याची प्रथा वाढली, आणि जाणत्या रसिकांना, लेखकांना ती सलते. त्यांची तक्रार रास्त आहे. गाणे गोष्टीतून उगवले तर मांडव खिळून राहतो. बाहेरून आणून ठेवले तर शिट्ट्या पडतात आणि त्यानंतरचा प्रसंग पोकळ होतो. जे चित्रपट केवळ एका उसन्या नृत्यगीतावर विकले गेले, त्यांचेही पुढे हेच झाले.

२०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीनंतर हंगाम बुडाला. गावोगावचे कलावंत, वादक, मांडववाले, नेपथ्यवाले एकदम रिकामे झाले. निर्बंध उठल्यावर नाटक परत आले. २०२२ मध्ये तृशांत इंगळे दिग्दर्शित 'झॉलीवूड' हा मराठी चित्रपट आला. झाडीपट्टीची रंगभूमी हाच त्याचा विषय. इतकी वर्षे सिनेमा पचवणारे नाटक आता स्वतः सिनेमाची गोष्ट झाले.

गाणाऱ्या गोष्टीत काय असते

पडदा आणि मांडव शेजारी ठेवल्यावर काही कारणे स्पष्ट दिसतात.

पहिले, गाणे वेळ वाचवते. दोन माणसांचे प्रेम जुळणे, एखाद्या घराची दहा वर्षांत झालेली वाताहत, हे संवादातून सांगायला तास लागेल. गाण्याला चार मिनिटे पुरतात. उलट, एका क्षणाचे दुःख संवाद दोन वाक्यांत संपवतो, गाणे त्याला हवे तितके थांबवून ठेवते. घाई आणि थांबणे ही दोन्ही गाण्याच्या हातात आहेत.

दुसरे, जे बोलायची सोय नसते ते गाता येते. चारचौघांत आईबापांसमोर प्रेमाविषयी बोलणार नाही असा मुलगा प्रेमगीत मोकळेपणी गुणगुणतो. सासरचा जाच बोलून न दाखवणारी बाई जात्यावरच्या ओवीत तो मांडत आली. संगीतपटाने आणि नाटकाने हीच मुभा पात्रांना दिली, आणि पात्रांकडून ती प्रेक्षकांनी घेतली.

तिसरे, गाणे घरी नेता येते. कथानक महिनाभरात पुसट होते, पण चाल राहते आणि ती गुणगुणताना गोष्ट परत जागी होते. पडद्यावरचे गाणे रेडिओवर गेले, रेडिओवरून मांडवात, मांडवातून धान रोवणाऱ्या बाया-माणसांच्या तोंडी. एवढा प्रवास संवादाला जमत नाही.

चौथे, ओळखीच्या सुरांवर नवी गोष्ट. कीर्तनाची चाल शाकुंतलात, अभंग 'संत तुकाराम'मध्ये, ढोलकी 'नटरंग'मध्ये, सिनेमाची चाल वडशाच्या नाटकात. लोकांच्या कानांत आधीपासून असलेले जिथे मिळाले नाही, तिथे संगीतपट सहसा टिकला नाही.

आणि शेवटचे, गाणे एकट्याने ऐकायचे नसते. 'सैराट'च्या प्रेक्षकांनी जागा सोडली, बालगंधर्वांच्या प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' मागितला, झाडीपट्टीचा मांडव पहाटेपर्यंत उठत नाही. घरोघर पडदे आले तरी दूरदूरची माणसे अजून बैलगाडी, दुचाकी, ट्रॅक्टर जे मिळेल त्याने नाटकाला येतात, कारण गाणे चांगले झाले हे शेजारच्याच्या चेहऱ्यावर पाहायचे असते. मोबाइलवर तेच गाणे हवे तितक्यांदा ऐकता येते, पण तिथे 'वन्स मोअर' म्हटले तर ऐकायला गायिका समोर नसते.

पहाटे नाटक संपते. कनाती उतरतात, मंडळाच्या गाड्या पुढच्या गावाच्या रस्त्याला लागतात, आणि रात्री जिथे आई गात होती त्या बांधीत धानाचे खुंट पुन्हा दिसू लागतात. घरी परतणाऱ्यांच्या तोंडी मात्र तिचे धृपद असते.